इतबार : सुरत आणि शाळकरी विज्ञानप्रयोगांची परंपरा

मराठीत ‘इतबार’ हा शब्द आपण विश्वास या अर्थाने वापरतो. इतबारी माणूस म्हणजे भरवशाचा माणूस. उर्दूत ‘एतिबार’ हा शब्दही त्याच अर्थाने रूढ आहे. दोन्ही भाषांत तो अरबीतून आला. परंतु अकराव्या शतकात इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने प्रकाशावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हाच शब्द एका विशेष अर्थाने येतो. मुद्दाम विशिष्ट परिस्थिती निर्माण करायची, तिच्यात एकेक बदल करायचा आणि आपला समज खरा की खोटा हे डोळ्यांनी पडताळून पाहायचे, याला तो ‘इअतिबार’ म्हणतो. आज आपण ज्याला प्रयोग म्हणतो तो हाच. शब्द आपल्याकडे पोहोचला तेव्हा त्यातला विश्वास तेवढा टिकला आणि पडताळणी मागे राहिली.

शाळेतील विज्ञानशिक्षणाची आजची अवस्था काहीशी अशीच आहे. विद्यार्थी पुस्तकातील विधानावर विश्वास ठेवतो, ते विधान तपासून पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. सोपे, घरच्या वस्तूंनी करता येणारे पदार्थविज्ञानाचे प्रयोग ही अलीकडची किंवा परदेशातून आलेली कल्पना आहे, असाही एक समज आहे. सुरत शहर आणि जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. हाताने पडताळून शिकण्याची कल्पना या परिसरात निरनिराळ्या काळी पुन्हा पुन्हा आलेली दिसते. ती कोणी आणली, ती का मावळली आणि आजच्या शिक्षकाला तिचा काय उपयोग आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. तीन दिवे आणि एक भोक

इब्न अल-हैसमचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला आणि आयुष्याचा उत्तरकाळ कैरोमध्ये गेला. त्याचा ‘किताब अल-मनाज़िर’ हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये भाषांतरित झाला आणि १५७२ मध्ये बाझल येथे छापला गेला. युरोपातील प्रकाशशास्त्रावर त्याचा मोठा प्रभाव पडला, ही गोष्ट आपल्या वाचकांना परिचित आहे. आपण मात्र या नावाचा अभिमान बाळगतो आणि त्याने केलेला प्रयोग वर्गात करून पाहत नाही. म्हणून त्याचा एक प्रयोग येथे देणे आवश्यक वाटते.

प्रश्न असा होता : अनेक दिव्यांचे प्रकाश एकाच भोकातून जाताना एकमेकांत मिसळतात काय? त्याने अनेक दिवे निरनिराळ्या जागी ठेवले. त्यांच्या समोर एक छिद्र आणि छिद्राच्या पलीकडे अंधारी जागा होती. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडले. मग त्याने एक दिवा झाकला. त्या दिव्याच्या समोरील ठिपका तेवढा नाहीसा झाला, बाकीचे जागच्या जागी राहिले. झाकण काढताच तो ठिपका परत आला. सर्व प्रकाश एकाच छिद्रातून गेला होता, तरी प्रत्येकाने आपली सरळ वाट सोडली नव्हती.

हा प्रयोग करायला बुटांचे रिकामे खोके पुरते. एका बाजूला सुईने भोक पाडावे, समोरची बाजू कापून तेथे तेलाचा हात फिरवलेला पातळ कागद चिकटवावा. अंधाऱ्या खोलीत भोकासमोर हातभर अंतरावर तीन मेणबत्त्या ओळीने उभ्या कराव्यात. लहान मुले असतील तर मेणबत्तीऐवजी विजेरी वापरावी. कागदावर तीन ठिपके दिसतात. डावीकडची मेणबत्ती झाकली की ठिपका उजवीकडचा जातो. ‘असे उलटे का?’ हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. तो विचारला गेला की प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य पाठ करून घ्यावे लागत नाही.

२. बंदरातील दोरी आणि फळी

सुरतेचा अरबी जगाशी संबंध पुस्तकांपुरता नव्हता. मुघल काळात हजला जाणारी जहाजे येथून सुटत. यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराई आजही शहरात उभी आहे, पुढे याच इमारतीत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आले. या समुद्रावरील अरब आणि हिंदी नाखवे रात्री आपले स्थान ठरवताना ‘कमाल’ नावाचे साधे उपकरण वापरीत. लाकडाची छोटी आयताकृती फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली गाठींची दोरी, एवढेच ते उपकरण. दोरी दातात धरून ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकते का ते पाहायचे. कोणत्या गाठीशी कड टेकली यावरून ताऱ्याची उंची कळे आणि त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत हे समजे. उंचीचे माप ‘इस्बा’ म्हणजे बोट होते. एक बोट सुमारे दीड अंशाहून थोडे अधिक.

सुरत सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून येथून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २१ अंश उंचीवर दिसतो. साडेअठरा सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठा डोळ्यापासून पन्नास सेंटिमीटरवर सरळ उभा धरला, तर तो जवळजवळ तेवढाच कोन व्यापतो. विद्यार्थ्याने गच्चीवर जाऊन हे पाहावे. क्षितिज इमारतींनी झाकले असेल तर पुठ्ठ्याची खालची कड डोळ्याच्या पातळीत धरावी लागते, हे त्याला दोन-तीन प्रयत्नांत उमगते. भूगोलातील ‘अक्षांश’ हा शब्द यानंतर नकाशावरील आडव्या रेघेपुरता राहत नाही.

३. सन १८४४ : उघड्यावर तपासणी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरतेत दोन शिक्षक एकत्र आले. दुर्गाराम मेहताजी हे १८०९ मध्ये सुरतेतच जन्मलेले गुजराती शाळेचे शिक्षक. दुसरे मराठी वाचकांना चांगले माहीत असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध करून नाव मिळवलेले दादोबा त्या वेळी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. मराठी माणसाच्या सहभागाने सुरतेत झालेले हे कार्य महाराष्ट्रात पुढे निघालेल्या परमहंस सभेच्या आधीचे आहे.

सभेचा मुख्य विषय धर्मसुधारणा आणि जातिभेदावरील टीका हा होता. ती विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती, हे स्पष्ट करणे जरूर आहे. तथापि तिच्या कामाचा एक भाग आपल्या विषयाशी निगडित आहे. मंत्राने भूत काढतो, जादूने अमुक करतो असे म्हणणाऱ्यांना सभेने आव्हान दिले की लोकांसमोर करून दाखवा. वाद ग्रंथातील वचनांवर न सोडता घटनेवर सोडायचा, ही पद्धत तेथे अवलंबिली गेली. इब्न अल-हैसमच्या इअतिबारचा गाभा हाच आहे. दावा करणारा कोण, त्याचे वय काय, मान किती, याला महत्त्व राहत नाही. झाकलेला दिवा ठिपका घालवतो की नाही, एवढेच पाहिले जाते.

दादोबा १८४६ मध्ये मुंबईस गेले आणि शिक्षक तयार करण्याच्या कामात पडले. दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटला गेले. त्यानंतर सभेचे काम थांबले. या घटनेची नोंद आपण घेऊन ठेवू, कारण पुढील इतिहासात ती पुन्हा भेटणार आहे. चांगली पद्धत एक-दोन शिक्षकांच्या अंगी होती, शाळेच्या अंगी नव्हती. शिक्षक गेले तेव्हा पद्धतही त्यांच्याबरोबर गेली.

४. पुस्तकातील संवाद

याच सुमारास मराठी व उर्दूत विज्ञानाची पहिली पुस्तके तयार होत होती. हरि केशवजी यांचे ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ १८३३ मध्ये आणि ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ १८३७ मध्ये निघाले. दुसरे पुस्तक जेन मार्सेट या इंग्रज लेखिकेच्या संवादरूप ग्रंथाचे भाषांतर होते. हैदराबादेत नवाब शम्स-उल-उमरा यांनी १८४० च्या सुमारास स्वतःच्या शिळाछापखान्यातून ‘सित्ता शम्सिया’ या नावाने सहा उर्दू रिसाले काढले. यंत्रशास्त्र, खगोल, पाणी, हवा, प्रकाश आणि वीज असे त्यांचे विषय होते. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून विज्ञान व गणित शिकवीत. १८६४ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, ती पुढे अलीगढला गेली. मराठी आणि उर्दू या दोन भाषा विज्ञान सांगण्यास असमर्थ आहेत असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा.

मार्सेटबाईंच्या ग्रंथाची एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणारा मायकेल फॅरडे हा गरीब मुलगा हेच पुस्तक वाचून रसायनशास्त्राकडे वळला. वाचलेले खरे आहे की नाही हे त्याने परवडतील तेवढ्या साहित्यात लहान लहान प्रयोग करून ताडून पाहिले आणि म्हणून पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. पुढे वीज व चुंबकत्व यांतील त्याच्या शोधांनी जग बदलले. तेच पुस्तक १८३७ मध्ये मराठीत होते. आपल्याकडे कोणी ते असे ताडून पाहिले असेलही, पण शाळेने तशी सवय लावली नाही. पुस्तकातील संवाद प्रश्नोत्तरे म्हणून पाठ केले गेले.

भाषा शिकवणाऱ्याच्या दृष्टीने यात एक अडचण दिसते. मराठीत ‘अपवर्तन’ आणि उर्दूत ‘इनइताफ़’ हे दोन्ही शब्द मुलाला सारखेच अवघड. एक संस्कृतातून आला, दुसरा अरबीतून, आणि घरात दोन्ही बोलले जात नाहीत. परंतु पेल्यातल्या पाण्यात काडी तिरपी बुडवली की ती मोडल्यासारखी दिसते. वाटीच्या तळाशी नाणे ठेवून ते कडेआड जाईपर्यंत मागे सरकावे आणि दुसऱ्याने वाटीत पाणी ओतावे, म्हणजे नाणे परत दिसू लागते. हे पाहिल्यावर मूल ‘उजेड वाकला’ असे म्हणते. त्यानंतर त्याला अपवर्तन म्हणा किंवा इनइताफ़ म्हणा, शब्द जड वाटत नाही. आधी घटना, मग घरचा शब्द आणि शेवटी शास्त्राची संज्ञा, हा क्रम आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा उलटा असतो.

५. सुतारांच्या घरातील रसायनशास्त्रज्ञ

सुरतेचे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ चा. गज्जर म्हणजे सुतार. कारागिरीची परंपरा असलेल्या घरातील हा मुलगा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९६ मध्ये मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासले, तो डाग काढणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु त्यांचे खरे कार्य बडोद्याचे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे ‘कलाभवन’ सुरू झाले. रंगकाम, यंत्रकाम, बांधकाम यांसारखे विषय कारागिरांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून आणि शास्त्राच्या आधाराने शिकवावेत, ही गज्जर यांची भूमिका होती. त्यासाठी गुजरातीत शास्त्रीय पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे कलाभवनाचे विद्यार्थी होते, ही गोष्ट मराठी वाचकांना अभिमानाची वाटेल. तेथे त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणही आत्मसात केले. छायाचित्राचा कॅमेरा हे शेवटी एक अंधारे खोके आणि एक भोकच. बसरा ते बडोदा हा प्रवास सुमारे नऊशे वर्षांचा आहे, पण त्यातील मूळ वस्तू आपल्या विद्यार्थ्याच्या हातात बसणारी आहे.

गज्जर यांच्या विचारातील महत्त्वाचा मुद्दा असा की कारागिराच्या मुलाला हाताचे कौशल्य आधीच असते. शाळेने त्याला ‘का’ हा प्रश्न द्यायचा असतो. आपल्या शाळा मात्र या मुलाला प्रथम हात विसरायला लावतात.

६. हरिपुरा, १९३८

या परंपरेचे सर्वांत मोठे पर्व सुरत जिल्ह्यातच घडले. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते, त्या वेळी ते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख होते. ख्वाजा गुलामुस्सैयदैन, विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा हे समितीचे सदस्य होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि एखादा हस्तव्यवसाय हा केंद्र, अशी योजना समितीने मांडली. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील तापीकाठच्या हरिपुरा या गावी सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यात ही तत्त्वे मान्य झाली. त्यातूनच हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला व झाकिर हुसैन त्याचे अध्यक्ष झाले.

नयी तालीम म्हटले की सूतकताई एवढेच आपल्याला आठवते. समितीच्या अहवालाचा आशय वेगळा होता. यांत्रिकपणे काम करणारे कारागीर घडवणे हा हेतू नसून कामात दडलेल्या शिक्षणाच्या शक्यता उपयोगात आणणे हा हेतू आहे, असे त्यात मांडले होते. सामान्य विज्ञान हा अभ्यासक्रमाचा भाग होता.

या शक्यता कोणत्या, हे टकळी हातात घेतल्यावर कळते. टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्या खालच्या टोकाजवळ बसवलेली चकती. चकती कशाला? दोन सारख्या काड्या घ्याव्यात आणि मातीचे दोन सारख्या वजनाचे गोळे. एका काडीवर गोळा तसाच बसवावा. दुसऱ्या काडीवर तो पसरट चकतीसारखा थापावा. दोन्ही भोवऱ्यासारख्या सारख्याच वेगाने फिरवल्यास चकतीची टकळी जास्त वेळ स्थिर फिरत राहते. वजन तेच, पण ते अक्षापासून दूर पसरले आहे. शिवणयंत्राचे जड चाक, कुंभाराचे चाक, इंजिनाचे गतिपालक चक्र या सर्वांचे तत्त्व येथे मिळते. दुसरा प्रयोग कापसाच्या पेळूचा. पेळू दोन बोटांनी ओढला की तो सहज तुटतो. त्यालाच दहा-वीस पीळ देऊन ओढले की तुटत नाही. तंतू तेच, फक्त पिळामुळे ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण त्यांना निसटू देत नाही. किती पिळांनंतर धागा किती वजन पेलतो, हे मुलांना वहीत मांडता येते.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी असे घडले नाही. सूत किती निघाले याची मोजणी होत राहिली आणि टकळी का फिरते हे विचारणे मागे पडले. योजना राजकारणातही सापडली. मुस्लिम लीगने तिला विरोध केला आणि मुस्लिम समाजातील अनेकांच्या मनात ती संशयाचा विषय झाली. त्या काळातील तणाव लक्षात घेता हे समजण्यासारखे आहे. परंतु एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली तयार झालेली, हात आणि बुद्धी यांना जोडणारी ही योजना आपण तिच्या शैक्षणिक अंगाने कधी नीट तपासलीच नाही, ही खंत नमूद करावीशी वाटते.

७. होशंगाबाद आणि पुणे

स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना शेजारच्या मध्य प्रदेशात नव्या स्वरूपात आली. १९७२ मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे मित्र ग्रामसेवा केंद्र यांनी प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ मध्ये ते संपूर्ण जिल्ह्यात लागू झाले, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने ते चालवले. मुले गटाने प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः लिहीत आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि नियमित मासिक बैठका हा त्या कार्यक्रमाचा कणा होता. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, शासनाने तो बंद केला.

अरविंद गुप्ता हे पुण्यातील मोटार कारखान्यात काम करणारे अभियंता १९७८ मध्ये या कार्यक्रमात सहभागी झाले. काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या व खेळणी तयार केली. पुढे पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ पासून दशकभर काम करून त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या विज्ञानखेळण्यांचा मोठा साठा निरनिराळ्या भाषांत सर्वांसाठी खुला केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दादोबांच्या काळी जे दोन शिक्षकांपुरते होते, ते आता कोणत्याही शिक्षकाला विनामूल्य उपलब्ध आहे.

८. यंत्रमागाच्या शहरातील कोन

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांची आणि उर्दू माध्यमातील अनेक मुलांची घरे यंत्रमाग, रंगाई, जरी यांच्याशी बांधलेली आहेत. शहरात २००९ पासून महानगरपालिकेचे विज्ञान केंद्रही आहे. सहलीला मुले तेथे जातात व आनंदाने परत येतात. प्रश्न सहलीच्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका शाळेत विज्ञानाच्या साहित्याचे कपाट पाहिले. आरशांवर डाग, भिंगांवर बुरशी आणि कपाटाला कुलूप. वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार, या भीतीने ते वर्षानुवर्षे उघडले नव्हते. त्याच वर्गातील एका मुलाने सुताचे रिकामे कागदी कोन पाहून म्हटले, “सर, हे तर आमच्या गल्लीत पोत्यानं पडलेले असतात.” त्या कोनांवर पुढील प्रयोग बसवला.

सुताचे दोन रिकामे कागदी कोन घ्यावेत आणि त्यांची रुंद तोंडे एकमेकांना चिकटवावीत. मध्ये जाड व दोन्ही टोकांना निमुळती अशी लांब वस्तू तयार होते. मग अर्ध्या मीटरच्या दोन गुळगुळीत काठ्या घेऊन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडाव्यात. अरुंद बाजूला त्यांच्यात पाच सेंटिमीटर अंतर, रुंद बाजूला तीस. रुंद बाजूखाली पातळ वही ठेवून ती अर्ध्या सेंटिमीटरने उंच करावी. जोडकोन अरुंद, म्हणजे सखल टोकाशी ठेवून सोडला की तो चढाच्या दिशेने गडगडत जातो. वर्गात एकच गलका होतो. काही मुले कोनात चुंबक लपवला आहे असे म्हणतात, काही वारा शोधतात.

आता मोजपट्टी आणावी. कोनाच्या मधोमध असलेल्या जोडरेषेची उंची जमिनीपासून दोन्ही टोकांना मोजावी. काठ्या वर जातात तशा एकमेकांपासून दूरही होतात, त्यामुळे कोन आपल्या निमुळत्या भागावर टेकू लागतो आणि त्याचा मध्य खाली उतरतो. काठ्यांची उंची जितकी वाढते त्यापेक्षा हे उतरणे अधिक असते. म्हणजे कोन चढताना दिसतो, पण त्याचा गुरुत्वमध्य उतरत असतो. रुंद बाजू आणखी उंच केली की ‘चमत्कार’ बंद पडतो आणि कोन मागे येतो. किती उंचीला तो बंद पडतो, हे शोधण्याचे काम गटांना द्यावे. कोनांचा निमुळतेपणा निरनिराळा असल्याने प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे येते, आणि ते का, यावर दुसरा तास सहज जातो.

निष्कर्ष

उपरोक्त इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, प्रयोगाने शिकण्याची कल्पना या परिसराला परकी नाही. १८४४ ची सभा, गज्जर यांचे कलाभवन आणि हरिपुऱ्याचा ठराव हे तिचे टप्पे आहेत, आणि अरबी, उर्दू, मराठी, गुजराती या सर्व भाषांचा तिच्यात वाटा आहे. दुसरी, ही कल्पना पैशांच्या अभावी फारशी अडली नाही. ती अडली तेव्हा कारण एक तर शिक्षकाची बदली हे होते, किंवा प्रश्नाऐवजी उत्पन्न मोजणे, नाहीतर वरून आलेला आदेश. म्हणून प्रयोगांची वही शिक्षकाच्या नव्हे तर शाळेच्या मालकीची असावी आणि शेजारच्या शाळांतील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. होशंगाबादचा तीस वर्षांचा अनुभव याला साक्ष आहे. तिसरी, यंत्रमाग कामगाराच्या मुलाला ‘सुविधा नसलेला विद्यार्थी’ म्हणताना आपण घाई करतो. त्याच्या गल्लीतील कोन, बॉबिन, तार आणि दोरा ही त्याची प्रयोगशाळा आहे, आणि त्यांची नावे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनी येत्या आठवड्यात एक तास यासाठी काढावा, एवढीच विनंती. फळ्यावर शीर्षक लिहू नये, निष्कर्षही आधी सांगू नये. तीन दिवे लावावेत, एक झाकावा आणि कोणता ठिपका गेला ते मुलांना सांगू द्यावे. पडताळून पाहिल्यानंतर मुलाच्या मनात पुस्तकाविषयी आणि शिक्षकाविषयी जो विश्वास बसेल, त्याला ‘इतबार’ हा शब्द त्याच्या दोन्ही अर्थांनी लागू पडेल.